लेकीला घेऊन वावरातल्या लग्नाला

बाबू,

तुझा फोन आला तेव्हा कूलरमध्ये पाणी भरत होतो, म्हणून धड बोलणं झालं नाही. आता लिहूनच पाठवतो.

आर्वीकडचं खेडं, वावरातला मांडव, मे महिना, सूनबाईला सुट्टी नाही, आणि अडीच वर्षांची पोरगी घेऊन तू एकटा. "नेऊ की नको, सर?" असं विचारलंस. ने. हॉलमधल्या लग्नात लेकराला खुर्चीवर दाबून बसवावं लागतं, इथं ती माती उकरत बसली तरी कोणाचं काही बिघडत नाही. फक्त त्या दिवशी तू वऱ्हाडी नाहीस, पोरीचा बाप आहेस. जुने दोस्त, फोटो, गप्पा हे तिच्या झोपेतून आणि भुकेतून जेवढं उरेल तेवढंच.

लग्न सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे भटजीशिवाय, लावताहेत हे वाचून बरं वाटलं. जोतीराव फुल्यांच्या पुढाकारानं 25 डिसेंबर 1873 ला असं पहिलं लग्न लागलं, तेव्हापासून ही रीत आहे. तुझ्या कामाचं त्यात एवढंच की मुहूर्ताचा घोळ नाही. पत्रिकेत सकाळी आठ लिहिलंय. खेड्यातले आठ म्हणजे साडेनऊ होतात हे तुला माहीत आहे, पण तरी दुपार टळते. नवरदेव तुझा दोस्त आहे, त्याला आताच सांगून ठेव की साडेअकराला मी निघणार. मग कोणी "जेवल्याशिवाय जाऊ नका" म्हणून हात धरला तरी सुटता येतं. नागपूरचा पारा 23 मे 2013 ला 47.9 अंशांवर गेला होता, आणि वर्धा काही त्याच्या फार मागं राहत नाही. उन्हात उभ्या गाडीत पोरीला दोन मिनिटंसुद्धा एकटं सोडू नकोस. पट्ट्याचं लोखंडी बक्कलही आधी हातानं चाचपून बघ, ते चटका देतं.

मांडवात पोचलास की आधी कोणाला नमस्कार करू नकोस. पोरीला कडेवर घे आणि एक चक्कर मार. विहीर कुठं आहे? आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो. आचाऱ्याची भट्टी कुठं आहे, जनरेटरची वायर कुठून गेली आहे, तेही बघ. मांडवापुरतं वावर साफ केलेलं असतं, पण चार पावलं पुढं तुरीची धसकटं उभी असतात, ती साध्या चपलेतून आरपार जातात. तिला बंद बूट घाल. लग्नाच्या फ्रॉकखाली बूट शोभत नाहीत म्हणणाऱ्या काकू भेटतील, त्यांना हसून दाखव.

हे एवढं सांगतो, कारण मी स्वतः चुकलो होतो. माझा पोरगा तेव्हा तीन वर्षांचा. चुलतभावाचं लग्न होतं, मी नवा मास्तर, लोक "गुरुजी, गुरुजी" करत होते आणि मी दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसून मान घेत होतो. बायकोला वाटलं पोरगा माझ्याजवळ आहे, मला वाटलं तिच्याजवळ. अर्ध्या तासानं ध्यानात आलं. डफडं थांबलं. दोन माणसं विहिरीत उतरली, मी काठावर उभा, पायात जीव नाही. तेवढ्यात एका म्हातारीनं हाक मारली. लेकरू धुऱ्यावर (बांधावर) सोडलेल्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कुटाराच्या भुशावर, बैलाची झूल अंगावर ओढून गाढ झोपलं होतं. गालाला कुटार चिकटलेलं. मांडवात निजायला जागा नव्हती, त्यानं आपली आपण शोधली. बायको पुढं दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून झोपेची सोय तू आधीच कर. मांडवाच्या कडेला, डफड्यापासून लांब, झाडाखाली एक दरी मागून घे. दरी आधी झटक, खाली विंचू असू शकतो. चावलाच तर उतारा-मंत्रात एक मिनिट घालवू नकोस, 108 ला फोन लाव नाहीतर गाडी काढून थेट दवाखाना गाठ.

जेवणाचं म्हणशील तर वांग्याची भाजी आणि डाळभाजी तिच्या तोंडाला झेपणार नाही. आचाऱ्याकडे जाऊन फोडणी पडायच्या आत वाटीभर साधं वरण काढून घे. आचारी लोक आधी खेकसतात, पण लेकरू दाखवलं की तूपही वाढतात. मठ्ठ्यातला बर्फ कारखान्याच्या लादीचा असतो, तो मठ्ठा तिला नको. पाणी घरचं ने. ओआरएसची लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्येच, चिमूट-चिमूट नाही, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकून दे. ती खेळता खेळता गप्प झाली, अंग तापलं, शू फार वेळ झाली नाही, तर मंगलाष्टका चालू असली तरी उठायचं.

"आई कुठं आहे हिची?" हे तुला वीस बायका तरी विचारतील. "ड्यूटीवर आहे" एवढं सांग, पुढं बोलू नकोस. पोरगी रडली तर त्यातलीच एखादी येऊन तिला कडेवर घेईल. तिच्याकडे दे, पण नजर हटवू नकोस.

अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या असतील. मूठभर तिच्या हातात दे. तिनं नवरा-नवरीवर न टाकता खिशात भरल्या तर भरू दे.

आदल्या रात्री इकडेच मुक्काम कर, इथून आर्वी तासा-दीड तासाची वाट आहे. किती वाजता पोचतोस ते कळव, मी खिचडी टाकून ठेवतो. आणि लग्नात सजवलेली बंडी दिसली तर तिला बसव, पण आधी चाकाला दगड लावला आहे का ते बघ.

तुझा
सर