आधी बुधवारची संध्याकाळ बघ

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा ई-मेल वाचला. वेल्डहोव्हन, ह्यूस्टन आणि पर्थ, तिन्हीकडून नोकरीला होकार, कुठली घेतली तर शिडाची बोटही चालवता येईल हा प्रश्न, आणि तिन्हीकडच्या वाऱ्याचे तक्ते जोडलेले! पगाराचं मात्र शेवटच्या ओळीत उरकलंस. तुझ्या आईने हा ई-मेल वाचला नसावा अशी आशा आहे.

ते तक्ते बाजूला ठेव. कॅट, म्हणजे तुझी ती जोडबोट कॅटामरान, चालवण्यापुरता वारा तिन्ही ठिकाणी भरपूर आहे. बघायचं ते एवढंच, की बुधवारी ऑफिस सुटल्यावर अंधार पडायच्या आत तू पाण्यावर असशील का? शनिवार-रविवारच्या भरवशावर हा नाद टिकत नाही. एका शनिवारी वारा पडतो, रविवारी पाहुणे येतात, पुढच्या शनिवारी वादळाचा इशारा असतो, की गेला महिना. पुण्यात राहून मुंबईत तुझी हॉबी कंपनीची कॅट चालवताना तू हे भोगलंयस. शुक्रवारी रात्री खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे बसून राहायचं, सकाळी पाण्यावर जायचं आणि रविवारी परत तोच घाट. ऑफर लेटरवर सही करताना तो घाट आठव.

त्यातून कॅटची तऱ्हा वेगळी. तुझ्या हॉबी १६ चे दोन हल (पाण्यावर तरंगणारे सांगाडे), त्यांच्यामधलं ताणलेलं कापड म्हणजे ट्रॅम्पोलिन, सगळं मिळून १४५ किलो, आणि डोलकाठी आठ मीटरची. बोट दर वेळी ट्रेलरवरून उतरवायची असेल तर काठी उभी करायला दोन माणसं हवीत, वर विजेच्या तारा नाहीत ना हे डोळे फाडून बघायला हवं, मग दोऱ्या, पिना, शिडं. यातच तासभर जातो. काठी उभी ठेवूनच बोट लावायला क्लबात जागा असेल तर कव्हर काढलं, शिडं चढवली, फुगीर चाकांची गाडी हलखाली सरकवली की वीस मिनिटांत तू पाण्यात. संध्याकाळच्या दोन-अडीच तासांत हा फरक फार मोठा. म्हणून क्लबाला पहिला ई-मेल वाऱ्याबद्दल करू नकोस. काठी उभी ठेवून लावायची जागा आहे का आणि तिची प्रतीक्षा यादी किती लांब आहे, ते विचार.

आता वेल्डहोव्हन. मी नेदरलँड्समध्ये राहतो म्हणून इकडेच ओढेन असं तुला वाटत असेल. तसं नाही. कामाच्या दृष्टीने तिघांत तेच सरस आहे. चिप बनवायच्या यंत्रांचं जे काम तिथे चालतं ते जगात दुसरीकडे शिकायला मिळणार नाही, आणि आइंडहोव्हनच्या आसपास मराठी माणसं इतकी आहेत की गणपतीत मोदकांची चिंता नको. पण नकाशा उघड. तिथून श्केवेनिंगेनचा किनारा १३०-१४० किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षा जरासाच कमी. घाट नाही, पण ऑफिस सुटायच्या वेळी हायवे तुंबलेला असतोच.

वाईट वाटतं ते यासाठी, की इथल्या किनाऱ्याइतकं कॅटचं वेड मी दुसरीकडे पाहिलं नाही. श्केवेनिंगेन, कॅटवाइक, नोर्डवाइक, झांडफोर्ट, गावागणिक वाळूवर बोटींच्या रांगा, सगळ्यांच्या काठ्या उभ्या. टेक्सेल बेटाला वळसा घालणारी शर्यत १९७८ पासून चालू आहे, शंभर किलोमीटरच्या आसपासची, आणि तिच्या सुरुवातीला शेकडो शिडं एकदम सुटतात. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाला मावळतो. सहाला ऑफिसमधून निघून, सातला बोट ढकलून, तीन तास पाण्यावर काढून उजेडात परत येता येतं. फक्त त्यासाठी राहायला हवं पश्चिमेच्या पट्ट्यात: हेग, डेल्फ्ट, लायडन, फार तर रॉटरडॅम. तुझ्या मेकॅट्रॉनिक्सला डेल्फ्टच्या आजूबाजूला काम नाही असं नाही. नोर्डवाइकला तर युरोपीय अंतराळ संस्थेचं तंत्रज्ञान केंद्र किनाऱ्याला लागूनच आहे. भारतीय पासपोर्टवर तिथली कायम नोकरी अवघड, पण आसपासच्या कंत्राटी कंपन्या पाहायला हरकत नाही.

थंडीचं मात्र तू अगदीच हसण्यावारी नेलंयस. उत्तर समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये जेमतेम १८ अंश, फेब्रुवारीत पाच-सहा. हिवाळी वादळांआधी वाळूवरच्या बोटी हलवाव्या लागतात, त्या वसंतातच परततात. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बोट वर काढून ठेवायची तुला सवय आहे. इथे पाच धर, आणि ते पाचही अंधारे. ड्रायसूट चांगला घे, त्यात काटकसर नको. आणि वारा पूर्वेचा, म्हणजे आपल्याकडचा मतलई, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, असेल तेव्हा पाणी काठाशी तळ्यासारखं सपाट दिसतं. त्या दिवशी एकटीने जायचं नाही. काही तुटलं तर पुढचा किनारा इंग्लंडचा आहे.

जाता जाता: भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे रहिवासी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं. परदेशातून आणलेल्या तज्ज्ञांसाठीच्या तीस टक्केवाल्या करसवलतीत बसलीस तर परीक्षा न देता बदलून मिळतं. नाहीतर डच परीक्षा, आणि तिथे भले भले पुण्याचे ड्रायव्हर आपटतात.

ह्यूस्टन समुद्राकाठी आहे असं तू लिहिलंयस. नकाशावर आहे. ऑफिस एनर्जी कॉरिडॉरला, म्हणजे तेल कंपन्यांच्या भागात, असेल तर ते शहराच्या पश्चिम टोकाला, आणि बोटी पूर्वेला, सीब्रुक-केमाच्या बाजूला गॅल्व्हेस्टन उपसागरात. मधे अख्खं ह्यूस्टन आणि त्याचं ट्रॅफिक. ऑफिस नासाच्या बाजूला, क्लिअर लेककडे असेल तर गोष्टच वेगळी, मग मी माझे शब्द मागे घेतो. पाणी उन्हाळ्यात कोमट, वारा आग्नेयेचा आणि नेमाचा. पण उपसागर उथळ, सरासरी दोन-तीन मीटर. तिथे बोट पार उलटी झाली तर आठ मीटरची काठी चिखलात रुतते आणि मग ओढून काढायला मोटरबोट लागते. शिवाय दुपारची गडगडाटी वादळं आहेत, आणि जून ते नोव्हेंबर हरिकेनचा मोसम. उंच अॅल्युमिनियमच्या काठीखाली विजेत बसायची हौस कुणाला नसते.

पर्थला उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून जो खारा वारा येतो त्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो तापलेल्या शहराला थंडावा देतो. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान येतो, पंधरा-वीस नॉटने वाहतो आणि ऑफिस सुटेपर्यंत तुझी वाट बघत असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्यास्त सव्वासात-साडेसातला. स्वान नदीचं पात्र शहराला लागूनच तलावासारखं पसरलंय, आणि नेडलँड्सचा क्लब तर कॅटचाच म्हणून ओळखला जातो. बुधवारच्या परीक्षेत पर्थ पहिलं येतं. पण खाणींच्या नोकरीत एक मेख असते. करारात रोस्टर शोध. आठ दिवस खाणीवर, सहा दिवस घरी, असं विमानाने ये-जा करायचं काम असेल तर तुझे बुधवार कंपनीचे. पगार फुगलेला दिसतो तो त्यामुळेच. ऑफिस शहरात आहे आणि साइटवर क्वचितच जावं लागेल, हे लेखी घे. तोंडी आश्वासनावर एवढा समुद्र ओलांडू नकोस.

सॅन फ्रान्सिस्कोचंही तू ओझरतं विचारलंयस. २०१३ मध्ये तिथल्या खाडीत ७२ फुटी कॅटामरानवर ओरॅकलने १-८ वरून ९-८ असा अमेरिकाज कप हा शिडाच्या बोटींचा मानाचा चषक राखला, तेव्हापासून तुझ्या वयाच्या सगळ्यांना ती खाडी खुणावते. खुणावू दे. हातात नसलेल्या नोकरीच्या गावाचा वारा मोजत बसू नये.

व्हिसाचा विचार बोटीआधी कर. नोकरी गेली तर अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर साधारण ६० दिवस मिळतात, नेदरलँड्समध्ये तीन महिने, ऑस्ट्रेलियात २०२४ च्या बदलानंतर एका वेळी १८० दिवस. नियम बदलत राहतात, सहीच्या आधी सरकारी संकेतस्थळावर स्वतः खात्री कर. पण साठ दिवसांत घर, गाडी आणि बोट विकून निघावं लागणं म्हणजे काय, ते माझ्या ओळखीतल्या एकाचं पाहिलंय. बोट अर्ध्या किमतीत गेली आणि ट्रेलर फुकट द्यावा लागला.

म्हणून पहिल्या मोसमात बोट घेऊच नकोस. दुसऱ्याच्या बोटीवर क्रू, म्हणजे जोडीदार, म्हणून जा. तू जेमतेम ५५ किलोची. हॉबी १६ च्या शर्यतीत दोघांचं मिळून किमान वजन १२९ किलो लागतं, आणि उलटलेली बोट एकटीच्या वजनाने तुला सरळ करता येणार नाही. म्हणजे पंचाहत्तर किलोचा भरवशाचा जोडीदार ही तुझी गरज आहे, हौस नाही. तो बुधवारीच भेटतो, क्लबाच्या आवारात, गुंतलेल्या दोऱ्या सोडवताना. ‘क्रू हवी आहे’ अशी पाटी जवळजवळ प्रत्येक क्लबात असते, आणि ट्रॅपीझवर, म्हणजे तारेला लटकून बोटीबाहेर, न घाबरता उभी राहणारी पोर कुणी नाकारत नाही. कुठल्या जातीच्या बोटी तिथे जास्त, तेही मग आपोआप कळतं. पर्थला कदाचित विंड्रश १४ दिसतील, त्या तिथल्याच मातीतल्या. इकडे एफ१८ आणि नॅक्रा जास्त. गावात एकच हॉबी असेल आणि ती तुझी असेल, तर शर्यत कुणाशी लावणार?

माझं मत मागितलंस म्हणून देतो. पर्थचं रोस्टर साफ निघालं तर पर्थ. नाहीतर वेल्डहोव्हन घे, दोन वर्षं काम मनापासून शिक, शनिवारी माझ्याकडे येत जा, सोफा रिकामाच असतो, आणि मग पश्चिमेकडे नोकरी बघ. ह्यूस्टन तिसरं, ऑफिस क्लिअर लेकला निघालं तर मात्र परत बोलू.

तिन्ही ऑफिसांचे नेमके पत्ते पाठव, शहराचं नाव नको, रस्ता आणि पिनकोड हवा. आणि पर्थच्या कराराची रोस्टरवाली पानं. शुक्रवारच्या आत पाठवलंस तर रविवारी फोनवर बसून बघू.

तुझा,
काका