लेकीला ‘अ‍ॅना कॅरेनिना’ दाखवू का?

प्रश्न : आम्ही हॅम्बुर्गला राहतो. लेक १४ वर्षांची आहे, लहानपणापासून बॅले शिकते. तिला नृत्यदिग्दर्शक जॉन नॉयमायर यांचा ‘अ‍ॅना कॅरेनिना’ हा बॅले बघायचाय. सासूबाई साताऱ्याहून आल्यात. नवरा-मूल टाकून गेलेल्या बाईची गोष्ट पोरीला कशाला दाखवता, म्हणतात. मला धास्ती शेवटाची आहे. काय करू?

उत्तर : ताई, खुशाल न्या. फक्त अ‍ॅना शेवटी रेल्वेखाली जीव देते, हे तिला अंधारात बसल्यावर कळायला नको. आधी घरी सांगा, आडवळणं न घेता. अ‍ॅना एकेक माणसापासून तुटत जाते, झोपेसाठी औषधावर विसंबते, मनातलं बोलायला कुणी उरत नाही, हेही सांगा. “तुला कधी असं वाटलं तर रात्री-अपरात्री मला उठव,” हे वाक्य तेव्हाच बोलून टाका. अलीकडे लेक स्वतःच खचलेली, गप्प गप्प असेल, तर मात्र बॅले राहू दे, आधी डॉक्टरांना भेटा.

टॉलस्टॉयची कादंबरी १८७५ ते १८७७ मध्ये क्रमशः आली. नॉयमायर यांनी २०१७ मध्ये तुमच्याच शहरात ती मंचावर आणली आणि काळ आजचा घेतला. अ‍ॅनाचा नवरा कॅरेनिन निवडणूक लढवणारा पुढारी, प्रियकर व्रॉन्स्की लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा खेळ) खेळाडू, आणि शेतीत रमणारा जमीनदार लेविन चक्क ट्रॅक्टरवर! चायकोव्हस्कीच्या अभिजात संगीताच्या जोडीला पॉप गायक कॅट स्टीव्हन्सची गाणी. ही माणसं तुमच्या लेकीला जुनी, परकी वाटणार नाहीत, आणि म्हणूनच ती प्रश्न विचारेल. विचारू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना कादंबरीतला एक प्रसंग सांगा. अ‍ॅनाच्या लहानग्या लेकाला, सिर्योझाला, आई मेली असं सांगितलेलं असतं. त्याच्या वाढदिवसाला अ‍ॅना चोरून त्या घरात शिरते, झोपेतल्या लेकाला कुशीत घेते. तेवढ्यात नवरा येतो. ती घाईने बाहेर पडते, आणि आदल्या दिवशी जीव लावून निवडलेली खेळणी तशीच परत नेते. पुडा सोडायचंही राहून गेलेलं असतं.

हे ऐकल्यावर ‘टाकून गेली’ हा शब्द सासूबाईंना स्वतःलाच अपुरा वाटेल, असं मला मनापासून वाटतं. जर्मन नाटकाला त्या कंटाळल्या असत्या, इथे संवादच नाहीत. तिकिटं काढाल तेव्हा त्यांचंही काढा.