फेसबुकवर भरलेला फॉर्म म्हणजे दावा नव्हे

पेनसिल्व्हेनियातल्या वॉरिंग्टनहून एका वाचकाचं पत्र आलंय. हॉर्शम आणि वॉरमिन्स्टरच्या मराठी घरांतूनही थोड्याफार फरकाने असंच विचारलं जातं, म्हणून उत्तर इथे जाहीर देतो.

थोडक्यात हकिगत अशी. २०१८ मध्ये घर घेतलं, पाणी घरच्या विहिरीचं, म्हणजे बोअरवेलचं. ९ ऑक्टोबर २०२३ ला दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडात गाठ दिसली, कॅन्सर निघाला, डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तपासणीला गेले असता तिथल्या नर्सने विचारलं, पाणी कुठलं पिता? तेव्हा घराची फाइल काढली. छपराचं बिल आणि भट्टीची वॉरंटी यांच्या मध्ये अमेरिकी नौदलाचं २०१६ सालचं पत्र होतं, आधीच्या मालकाच्या नावे. विहिरीच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस (आग विझवायच्या फेसातली रसायनं) मिळून लिटरला ४१ नॅनोग्रॅम. खाली नौदलाचा निष्कर्ष: ‘सध्या कोणत्याही उपाययोजनेची गरज नाही.’ मार्चमध्ये त्यांनी फेसबुकवरची जाहिरात पाहून एका लॉ फर्मचा ऑनलाइन फॉर्म भरला. आता जुलै २०२५ मध्ये विचारतात: ‘केस तर झालीच आहे, भरपाई साधारण कधी मिळेल? कॅम्प लेज्यूनवाल्यांना मिळाली तशीच ना?’ (कॅम्प लेज्यून हा दूषित पाण्याच्या दाव्यांमुळे गाजलेला लष्करी तळ.)

केस झालेली नाही. निदान सरकारविरुद्ध तरी नाही, आणि तुमच्या पत्रातली दुसरी कोणतीही गोष्ट याच्या पासंगालाही पुरत नाही.

तुमच्या शेजारच्या विलो ग्रोव्हच्या नौदल विमानतळावर आग विझवायचा फेस वर्षानुवर्षं जमिनीत कसा मुरला, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ते सांगण्यात जागा घालवत नाही. तळ २०११ मध्ये बंद झाला, रसायन मात्र मातीत बसून आहे आणि प्रत्येक पावसात थोडं थोडं खाली उतरतं. या प्रकरणात कोर्टात जाणारी माणसं दोन वेगळ्या दारांनी जातात. एक दार फेस बनवणाऱ्या कंपन्यांचं. देशभरचे ते खटले साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टात एकत्र केले आहेत. जाहिरातीतल्या फर्म बहुतेक याच दाराशी उभ्या असतात. दुसरं दार खुद्द सरकारचं, म्हणजे नौदलाचं. तिथे फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट, म्हणजे सरकारी हलगर्जीबद्दल सरकारकडे भरपाई मागू देणारा कायदा, लागू होतो, आणि त्यातली अट अशी: दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे लेखी मागणी दाखल झालीच पाहिजे. कोर्टात नव्हे, आधी खात्याकडे. ती केली नाही तर दावा कायमचा बाद.

चार्ल्सटनमध्ये कंपनीवर खटला भरला तरी नौदलाविरुद्धची ही मुदत थांबत नाही. फर्मचा ऑनलाइन फॉर्म भरल्याने तर कुठलीच मुदत थांबत नाही. त्याचा अर्थ एवढाच की त्यांच्या यादीत तुमचं नाव आलं. तुम्ही फॉर्म भरलात आणि सव्वा वर्षात त्यांना एक फोनही केला नाहीत, असं तुम्हीच लिहिता. एरवी क्रेडिट कार्डावर चार डॉलर जास्त लागले तर आपण तासभर होल्डवर थांबतो. उद्याच फोन करा आणि दोन प्रश्न विचारा: माझं वकीलपत्र तुम्ही सही करून घेतलं आहे का? आणि माझ्या नावाने स्टँडर्ड फॉर्म ९५, म्हणजे त्या लेखी मागणीचा सरकारी फॉर्म, नौदलाकडे गेला आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘आम्ही फक्त कंपन्यांविरुद्ध लढतो’ असं येण्याचीच शक्यता जास्त. त्यात त्यांची चूक नाही, तुमचा गैरसमज आहे. कंपन्यांविरुद्धची मुदतही पेनसिल्व्हेनियात दोनच वर्षांची, तेव्हा तिथेही खटला खरोखर दाखल झाला का, हे याच फोनवर विचारून घ्या.

आता दोन वर्षं कधीपासून मोजायची? तुम्ही फेब्रुवारी २०२४ धरून चालला आहात, कारण पत्र तेव्हा वाचलंत. यावर जो निकाल आजही चालतो तो १९७९ चा आहे आणि मूळ घटना तुमच्याच राज्यातली. विल्क्स-बॅरीच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात १९६८ मध्ये क्युब्रिक नावाच्या माणसाच्या पायातल्या जंतुसंसर्गावर निओमायसिन वापरलं आणि त्याची श्रवणशक्ती गेली. जानेवारी १९६९ मध्ये डॉक्टरने त्याला सांगितलं की बहुधा औषधामुळेच हे झालं असावं. डॉक्टरांनी हलगर्जी केली हे त्याला खूप नंतर कळलं, आणि दावा केला १९७२ मध्ये. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उशीर झाला. इजा झाली आणि ती कशाने झाली, एवढं कळलं की मुदत सुरू. चूक कोणाची होती हे शोधायला ती थांबत नाही.

तुमच्या बाबतीत सरकारी वकील याच्याही पुढे जाईल. तो म्हणेल, पत्र २०१८ पासून तुमच्या घरात होतं, विहिरी बंद झाल्याच्या बातम्या २०१४ पासून येत होत्या, बाटलीबंद पाण्याच्या गाड्या तुमच्या रस्त्यावरून जात होत्या. तेव्हा गाठ सापडली त्याच दिवशी साधी चौकशी केली असती तर कारण कळलं असतं. हा युक्तिवाद प्रत्येक न्यायाधीश मान्य करेलच असं नाही. फेब्रुवारी २०२४ धरून लढता येईल. पण लढावं लागू नये यातच शहाणपण आहे. म्हणून तुमची तारीख ९ ऑक्टोबर २०२५. माझं ऐकाल तर ऑगस्ट संपायच्या आत.

‘आत’ म्हणजे टपालात टाकणं नव्हे, खात्याच्या हाती पडणं. नियमात शब्द आहे तो मिळण्याचा, पाठवण्याचा नाही, आणि टपाल हरवल्याची सबब बहुतेक कोर्टं ऐकत नाहीत. पोच मिळेल अशा कुरियरने पाठवा आणि पोचेचा कागद जपा. त्या तळाचा काही भाग आजही एअर नॅशनल गार्ड वापरतं, म्हणून एक प्रत नौदलाला, एक हवाई दलाला पाठवा आणि दोन्ही फॉर्मवर दुसऱ्या खात्याचाही उल्लेख करा.

हा फॉर्म ९५ इंटरनेटवर फुकट मिळतो. बारा क्रमांकाच्या ओळीत चार चौकटी आहेत: मालमत्तेचं नुकसान, शारीरिक इजा, मृत्यू, आणि एकूण. एकूणच्या चौकटीत कंसात बारीक अक्षरांत छापलंय की आकडा न लिहिल्यास तुमचे हक्क जाऊ शकतात. ही धमकी खरी आहे. ‘नंतर ठरवू’, ‘किमान अमुक इतके’, ‘न्यायालयाला योग्य वाटेल ते’ असलं काही लिहिलंत तर तो कायद्याच्या नजरेत दावाच नसतो. डॉलरमधला एक ठाम आकडा. आणि तो भिडेखातर कमी लिहू नका, कारण पुढे कोर्टात त्याच्या वर मागता येत नाही. तेव्हा माहीत असणं शक्यच नव्हतं असा नवा पुरावा निघाला किंवा मधल्या काळात नवं काही घडलं तरच अपवाद. आपल्या लोकांची सवय मी पाहिली आहे, इस्पितळाच्या बिलांची बेरीज करून सेंटसकट लिहितात. बुडालेला पगार, पुढची दहा-पंधरा वर्षांची तपासणी, एक मूत्रपिंड गमावून जगणं, हे सगळं त्या आकड्यात आलं पाहिजे. पत्नीला स्वतःची काही मागणी करायची असेल तर तिचा फॉर्म वेगळा. तुमच्या फॉर्मवर तिची सही घेऊन भागत नाही.

इथपर्यंत मी ठामपणे बोललो. पुढचं सगळं जर-तरचं आहे.

फॉर्म गेल्यावर खात्याला सहा महिने मिळतात. ते बहुधा गप्प बसतील. सहा महिन्यांनंतर गप्प बसणं हाच नकार मानून कोर्टात जाता येतं. लेखी नकार आला तर मात्र त्या तारखेपासून सहा महिन्यांत जावंच लागतं. ते पाकीट आलं की फाइलमध्ये सरकवू नका, वाचा. खटल्यात ज्यूरी नसते, दंडात्मक भरपाई नसते, आणि वकिलाच्या फीला कायद्यानेच मर्यादा आहे: खात्याच्या पातळीवर मिटलं तर २० टक्के, कोर्टात गेलं तर २५. कुणी ४० टक्क्यांच्या करारावर सही मागितली तर विचारा, हे कंपनीच्या खटल्याचं की सरकारच्या?

आणि मग खरी भिंत. सरकारी माणसाने धोरण ठरवताना जो विवेकाधिकार वापरला त्याबद्दल सरकारला कोर्टात खेचता येत नाही, असा अपवाद याच कायद्यात आहे. कोणता फेस वापरायचा, लोकांना इशारा कधी द्यायचा, सफाई कोणत्या क्रमाने करायची, हे सगळं धोरणच होतं असं सरकार म्हणतं. त्या भिंतीत फट शोधायची तर सांडलेला फेस कुठे टाकायचा याबद्दल एखादा सक्तीचा नियम होता आणि तो मोडला, असं कागदावर दाखवावं लागतं. तुमच्या प्रकरणात तसं दाखवता येईल का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणारा वकील भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

कॅम्प लेज्यूनची उपमा म्हणूनच लागू पडत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या तळावरच्या लोकांचे दावे राज्याच्या दहा वर्षांच्या मुदतीवर आणि याच विवेकाधिकाराच्या अपवादावर २०१६ मध्ये फेटाळले गेले होते. पुढे अमेरिकी संसदेने खास कायदा केला, तो १० ऑगस्ट २०२२ ला लागू झाला, तोही फक्त १९५३ ते १९८७ या काळात तिथे किमान ३० दिवस राहिलेल्या, काम केलेल्या किंवा त्या पाण्याच्या संपर्कात आलेल्यांसाठी, आणि त्याचीही दोन वर्षांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. विलो ग्रोव्हसाठी असा कायदा नाही. तसंच, फेस बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने मान्य केलेले अब्जावधी डॉलर सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. खासगी विहीरवाल्याला त्यातून छदाम मिळत नाही.

कोर्टांच्या गतीबद्दल एक तुमच्याच भागातलं उदाहरण. तिथल्या दोन कुटुंबांनी २०१६ मध्ये नौदलावर दावा केला होता. पैसे नव्हे, फक्त वैद्यकीय देखरेखीचा खर्च आणि लोकांच्या आरोग्याची पाहणी मागितली होती. सफाई चालू असताना असा दावा चालतो का, यावरच दोन वर्षं गेली. अपील कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं, देखरेखीची मागणी चालते, पाहणीची नाही. मग जानेवारी २०२० मध्ये खालच्या कोर्टाने देखरेखीचीही मागणी काढून टाकली, कारण ही रसायनं तोवर राज्याच्या कायद्याखाली ‘घातक पदार्थ’ म्हणून ठरलेली नव्हती. जुलै २०२४ पासून केंद्राच्या सुपरफंड कायद्याखाली (दूषित जागांच्या सफाईचा कायदा) पीएफओए आणि पीएफओएस घातक पदार्थ आहेत. त्या दोन कुटुंबांना याचा काय उपयोग, ते न्यायव्यवस्थेने स्वतःलाच विचारावं. तुम्हाला मात्र आज ती वाट थोडी रुंद झालेली असू शकते. तुमच्या वकिलाला हे विचारा, मी पैज लावणार नाही.

घर विकणाऱ्याला पकडायचं का, असंही विचारलंय. नाही. विक्रेत्याने दोष लपवल्याबद्दलचा दावा पेनसिल्व्हेनियात खरेदीखत झाल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो, तो २०२० मध्येच मुदतबाह्य झाला. शिवाय त्याने लपवलं कुठे? पत्र फाइलमध्ये दिलं होतं. घराच्या पडलेल्या किमतीबद्दल नौदलाकडे मागणी करायची तर पहिल्या चौकटीत आकडा टाका, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. तिथे सरकार २०१८ पासूनच मोजेल आणि मला त्याचं म्हणणं टिकेल असं वाटतं.

पाण्याचं बघा, ते दाव्याहून आधी. २०१६ मध्ये लिटरला ७० नॅनोग्रॅम या तेव्हाच्या पातळीच्या खाली असलेल्यांना नौदलाने काही दिलं नाही. आता पिण्याच्या पाण्याची केंद्रीय मर्यादा या दोन्ही रसायनांसाठी प्रत्येकी ४ आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून संरक्षण खात्याचं धोरण असं की दोहोंपैकी एकही १२ किंवा त्याहून वर असलेल्या खासगी विहिरींना आधी हात घालायचा. तेव्हा विहीर प्रमाणित प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या आणि नौदलाच्या सफाई विभागाकडे फिल्टर किंवा नळजोडणी लेखी मागा. ती घेतल्याने भरपाईचा हक्क जाऊ नये, पण सही करायला जो कागद देतील तो आधी वकिलाला दाखवा. तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही पाणी उकळूनच पितो.’ उकळून हे रसायन जात नाही. पाणी आटतं आणि रसायन तेवढंच राहतं. परसातल्या मेथी आणि अळूचं विचाराल तर ते माझ्या धंद्याबाहेरचं; एवढं खरं की पालेभाज्या ही रसायनं पाण्यातून आणि मातीतून ओढून घेतात. मातीची तपासणी होईपर्यंत मी तरी खाल्ली नसती.

मुलीबद्दल शेवटी. ती नऊ वर्षांची आहे, आज तिला काही झालेलं नाही, तेव्हा तिच्या नावाने भरपाईची मागणी आत्ता टिकणार नाही. पण तिच्या रक्तात ही रसायनं किती आहेत याची चाचणी आत्ता करून ठेवा, रिपोर्टवर तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव हवं. पुढे कधी काही निघालंच तर लक्षात ठेवा: कंपनीवर राज्याच्या कायद्याखाली दावा करायचा तर ती अठरा वर्षांची होईपर्यंतचा काळ मोजत नाहीत, नौदलाविरुद्ध अशी सवलत नाही. तिचीही दोन वर्षं तुम्हाला कळलं त्या दिवसापासूनच, आणि फॉर्मवर सही तुमची किंवा तिच्या आईची.