ओबामांचं 'होप' पोस्टर दुसऱ्याच्या फोटोवरून केलं होतं आणि त्यातून प्रचारासाठी पैसाही उभा राहिला, मग ती चोरी म्हणायची की कला?

कला म्हणा, चोरी म्हणा, त्यावर वकिलांनी भांडत बसावं. मला एवढंच कळतं की ज्याचा फोटो होता त्याच्याकडून न विचारता वर्गणी काढली. हे मी उगाच बोलत नाहीये, माझ्याकडूनही काढलेली आहे, आणि तीसुद्धा घरच्याच माणसाने हात लावून.

होपचं बऱ्याच जणांना माहीत असेल. एप्रिल 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात सुदानमधल्या डारफूरवर कार्यक्रम होता, ओबामा नट जॉर्ज क्लूनीशेजारी बसलेले, मॅनी गार्सिया असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी फोटो काढत होता. 2008 च्या सुरुवातीला शेपर्ड फेअरी नावाच्या चित्रकाराने त्यातला एक नेटवरून उचलला, लाल-निळा केला, पोस्टरं विकली आणि आलेल्या पैशातून आणखी छापली. जगभर गाजलं. पण तो फोटो आपला आहे हे खुद्द गार्सियाला कळलं जानेवारी 2009 मध्ये, म्हणजे ओबामा निवडून आल्यावर!

आता माझं ऐका. कोल्हापुरात माझा स्टुडिओ आहे, लग्नं-बारशी करतो, पण पहाटे कुस्तीच्या तालमीत जाऊन फोटो काढायची जुनी खोड आहे. आमच्या भागातल्या एका वस्तादांचा फोटो आहे माझ्याकडे, हौद्यात उभे, हातात माती, मोडलेला कान कॅमेऱ्याकडे, आणि मागून बल्बची एक वायर लोंबतीय तिची सावली बरोबर खांद्यावरून छातीवर आलीय. महापालिकेच्या इलेक्शनला एका उमेदवाराने 'लोकवर्गणी'ची शंभर-शंभरची कुपनं काढली, त्यावर पैलवानाचं चित्र. दोन रंगांत, एकदम झकास, खोटं कशाला बोलू. दुकानात चहा पिताना कुणीतरी कुपन हातात दिलं तर त्या पैलवानाच्या खांद्यावरून एक काळी रेघ गेलेली. चित्रकाराला ती ताईताचा दोरा वाटली असणार. मी म्हटलं अरे ही तर माझ्या बल्बची वायर!

फोटो दिला होता माझ्या मेहुण्याने. हा प्रचारात पुढे, माझ्या फेसबुकवरून काढून परस्पर डिझायनरला पाठवला. विचारलं तर म्हणतो, "दाजी, चित्र आहे ते, फोटो कुठाय? आणि चांगल्या माणसासाठी वापरलं की, कुणी खाल्लं का पैसे?" झालं, तेव्हापासून दिवाळी असो की जत्रा, जेवायला बसलं की हाच विषय, आणि बायको दोघांच्या मध्ये.

त्याच्या दोन्ही मुद्द्यांना दम नाही. चित्र आहे हे मान्य, पण सावलीसकट उतरवलंय म्हणजे माझी पहाट, माझी लेन्स, माझी उभं राहायची जागा, सगळं त्यात आलं. आणि चांगल्या कामासाठी म्हणशील तर त्या प्रचारात प्रेसवाल्याला पैसे मिळाले, हलगीवाल्याला मिळाले, चहावाल्याने तर रोजच्या रोज हिशोब घेतला. डिझायनरलाही मिळाले. प्रेमापोटी देणारा एकटा मीच निघालो, ते पण मला न सांगता! उमेदवार चांगला होता का? होता असेल. मी त्याला मत दिलं का नाही हे मी मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला उमेदवाराला फुकट मिळालेल्या वस्तूचीही बाजारभावाने किंमत धरून खर्चात दाखवावी लागते, पक्षाला 20,000 च्या वर देणगी आली तर निवडणूक आयोगाला नाव कळवावं लागतं. मग फोटो काय आभाळातून पडतो? 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले कारण पैसा कुणी दिला हे मतदाराला कळत नव्हतं. आमच्या केसमध्ये देणगीदारालाच पत्ता नाही की आपण देणगी दिली.

बाकी तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर फेअरीला शिक्षा झाली ती फोटो उचलला म्हणून नाही. क्लूनीबरोबरच्या फोटोतून कापून घेतला असं तो कोर्टात सांगत राहिला, वापरला होता दुसराच, ओबामांचा एकट्याचा क्लोजअप, आणि ते लपवायला त्याने पुराव्यात गडबड केली. 2012 मध्ये दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, 300 तास समाजसेवा, 25,000 डॉलर दंड. असोसिएटेड प्रेसबरोबरचं मूळ भांडण 2011 लाच तडजोडीने मिटलेलं, त्यामुळे चोरी की कला याचा निकाल कोर्टाने दिलाच नाही. पुढे 2023 मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलने एका फोटोवरून केलेल्या गायक प्रिन्सच्या चित्रावरून तिथलं सुप्रीम कोर्ट त्या फोटोच्या फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथच्या बाजूने गेलं, 7 विरुद्ध 2. मासिकाला चित्र भाड्याने देऊन पैसे घेतलेत ना, मग फोटोवालीचाही विचार करा, असा साधारण सूर. मेहुण्याला ही बातमी पाठवली होती, निळी टिक आली, उत्तर नाही.

आता हेही सांगतो, मी वकील नाही. आणि नुसती पोझ बघून कुणी स्वतःच्या मनाने काढलं तर मी ओरडणार नाही, आमचा धंदाच एकमेकांचं बघून चालतो. पुढाऱ्याची टिंगल करायला फोटो वापरला तर परवानगी मागूच नये, देतंय कोण? गार्सियासुद्धा म्हणाला होता की त्या पोस्टरचा मला अभिमान वाटतो, मोठ्या मनाचा माणूस. वस्तादांना मी कुपन दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "कान बरोबर काढलाय." त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं बरं का.

तुम्ही स्वतः डिझायनर असाल तर एक व्हॉट्सॲप करायचा, वापरू का, नाव टाकू का, काय घेणार. पुढच्या इलेक्शनला मेहुण्याचा फोन येणारच. रेट सांगणार, निम्मे ॲडव्हान्स घेणार, आणि बिल उमेदवाराच्या नावाने फाडणार, नात्यात उधारी नाही.