एकट्याचा भात किती लावायचा?

"ताई, अठरा पूर्ण झाली की मी कुठे जायचं?" बालगृहात समुपदेशन करताना दहावी-बारावीची मुलं हे विचारतातच. मुंबईतल्याच एका संस्थेतल्या साडेसतरा वर्षांच्या मुलाने विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, "नक्की भीती कशाची वाटते?" खोलीचं भाडं, नोकरी असं काही म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मला साठ जणांचा भात येतो. एकट्याचा किती लावायचा ते माहीत नाही."

लहानपणापासून घंटेवर उठणं, घंटेवर जेवण. भाजी कोणती, साबण कोणता, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. अशा मुलाला एका वाढदिवशी 'आता स्वतःच्या पायावर उभा राहा' म्हणणं मला क्रूर वाटतं. ही तयारी चौदाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी. आमच्या हातात सहा महिने होते.

आधी कागद. आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि अनाथ प्रमाणपत्र, कारण महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. शिवाय वाढदिवशी फाटक बंद होतं असं मुलांना वाटतं, ते खरं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरच्या आधाराची, सोय आहे. नियमांनुसार ती 21 वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून 23 पर्यंत मिळू शकते. अधीक्षकांशी आणि बालकल्याण समितीशी अठराच्या आधीच बोला.

मग दर रविवारी शंभर रुपये घेऊन कुर्ल्याच्या बाजारात. पहिल्या दिवशी तो भाजीवालीसमोर नुसता उभा. "ताई, कोणती घेऊ?" मी गप्प राहिले. फार जड गेलं ते. शेवटी त्याने किलोभर भेंडी घेतली, निम्मी मंगळवारपर्यंत सुकली. पुढच्या रविवारी पाव किलोच मागितली.

"घरी कोण कोण असतं?" या घरमालकाच्या प्रश्नाचा सराव आम्ही कितीदा केला. खोटं बोलायचं नाही, हे त्यानेच ठरवलं. "संस्थेत वाढलो. काही लागलं तर या ताईंना फोन करा," असं सांगून त्याने दोन मित्रांसोबत विक्रोळीत खोली घेतली.

परवा रात्री नऊला त्याचा फोन. मित्र गावाला गेलेत, आणि संस्थेतला एक धाकटा मुलगा राहायला आलाय.

"ताई, एकट्याला मी एक वाटी लावतो. दोघांना दीड पुरेल ना? तो जरा जास्त खातो."

"मग दोन लाव," मी म्हटलं.