घेणाऱ्याचा वकील तुमचा नव्हे

प्रश्न : साखर पेठेतलं वडिलांच्या नावावरचं घर विकायचंय. खाली माग आहेत, तो भाग भाड्याने दिलाय. आई-वडील दोघंही गेले, मृत्युपत्र नाही. मी, धाकटा भाऊ आणि हैदराबादला दिलेली बहीण, एवढेच वारस. बहीण म्हणते, "मला काही नको." गिऱ्हाईक जुळे सोलापूरचं. ते म्हणतात, "काका, माझा वकील सगळं बघतोय, तुम्ही कशाला खर्चात पडता?" विसारपावतीचा मसुदा सोबत जोडलाय. सही करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. त्यांचा वकील हुशार असेलही, पण तो फी ज्याची घेतो त्याचंच हित बघणार.

मसुदा वाचला. "उर्वरित रक्कम खरेदीच्या वेळी देण्याचे ठरले." खरेदी कधी? तारीखच नाही. त्यांचं कर्ज बँकेत अडकलं तर तुम्ही लटकलात. दुसरं गिऱ्हाईकही बघता येणार नाही. मुदत घाला, आणि मुदत टळली तर विसाराचं काय, तेही लिहून घ्या. पुढची ओळ त्याहून वाईट : "मिळकत निर्वेध असून कोणाचाही ताबा नाही." अहो, खाली माग खडखडतायत ना? भाडेकरूचा स्पष्ट उल्लेख हवा. नाहीतर उद्या "फसवलं" म्हणून दावा तुमच्यावरच.

विसार 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका. आयकर कायद्यात घेतली तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि तो घर घेणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला.

खरेदीखतात "संपूर्ण मोबदला पावला, तक्रार नाही" असं सर्रास लिहितात, आणि चेक मात्र पुढच्या तारखांचे असतात. गुजरातमधल्या एका जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं, की पूर्ण पैसे मिळाले नाहीत एवढ्यावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. वसुलीचा मार्ग वेगळा. म्हणजे घर गेलं आणि तुम्ही पैशांसाठी कोर्टात. पैसे खात्यात जमा झाल्याचं बघूनच सही करा, व्यवहाराचा क्रमांक खतात घाला. ताबाही तेव्हाच. ताबा देऊन नुसता करार केला, तरी आपल्या राज्यात खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क बसतं.

आता बहीण. तिचा हिस्सा तुम्हा भावांएवढाच आहे. फोनवरच्या "नको"ला दुय्यम निबंधकाकडे किंमत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, नाहीतर तिलाही खरेदीखतावर सही करू द्या. पंचमीला माहेरी येणार असेल तर तेव्हाच उरकता येईल. पण आधी समोर बसवून एकदा नीट विचारा. "नको" हे पुष्कळदा कुणी विचारलंच नाही म्हणून आलेलं असतं, हे वकिलीत फार बघितलंय.

तुमचा वकील नेमताना फी ठरावीक रकमेत बोलून घ्या, टक्क्यात नको. खरेदीच्या दिवशी नोंदणीला स्वतः येणार की कारकुनाला पाठवणार, हेही तेव्हाच विचारा.