निर्माल्य म्हणजे कचरा नव्हे

प्रश्न असा आहे: तरुणपणीच गेलेल्या एका गायकावरच्या कवितेत 'फूल अकाली निर्माल्य झाले' अशी ओळ आहे. हा त्या गायकाचा अपमान नाही का?

नाही. अपमान वाटतो, कारण हा शब्द आपणच नासवला आहे. 'पिकांचं निर्माल्य झालं', 'संसाराचं निर्माल्य झालं' हे ऐकून ऐकून कान किटले. पिकांची नासाडी होते, निर्माल्य होत नाही. वेलीवरच सुकलं ते सुकलेलं फूल. देवाच्या माथ्यावर चढलं, दिवसभर तिथे मिरवलं आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी उतरवलं, ते निर्माल्य. वाहिल्याशिवाय निर्माल्य नाही.

'निर्मळ करतं ते निर्माल्य' असं प्रवचनांत सांगतात. मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशानेही 'शुद्धता' हा अर्थ याच नोंदीत बसवला आहे. मला हे मुळीच मान्य नाही. 'निर्मल'चं भाववाचक नाम 'नैर्मल्य' होतं. सुंदरचं सौंदर्य, मधुरचं माधुर्य, तसं. वृद्धी, म्हणजे 'इ'चा 'ऐ', 'उ'चा 'औ', 'अ'चा 'आ' होणं, पहिल्या स्वराची होते. 'निर्माल्य'मधला 'नि' जागचा हललेला नाही आणि 'मा' मात्र दीर्घ आहे, कारण तिथे 'मल' नाहीच, 'माल्य' आहे! अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, 'माल्यं मालास्रजौ मूर्ध्नि': माल्य म्हणजे मस्तकी धारण केलेली माळ. त्यातून निघालेलं ते निर्माल्य. फूल उतरलं, कोमेजलं, तरी ते कुठे बसलं होतं हे शब्दाने पोटात जपून ठेवलं आहे. ओसरलेल्या वैभवासाठी इतका मायेचा शब्द मला दुसरा माहीत नाही.

माळ आणि अकाली मरण म्हटलं की कालिदासाच्या रघुवंशाचा आठवा सर्ग उघडावाच. नारद आकाशमार्गाने गोकर्णाला निघालेले असतात. वाऱ्याने त्यांच्या वीणेवरची दिव्य माळ उडते आणि उद्यानात अज राजाबरोबर असलेल्या त्याच्या राणीच्या, इंदुमतीच्या छातीवर पडते. ती तत्क्षणी मरते. अजाचा विलाप सगळे वाचतात, पुढचं वाचत नाहीत. इंदुमती ही मुळात हरिणी नावाची शापित अप्सरा. स्वर्गातली फुलं दिसेपर्यंतच तिने मानवी देहात राहायचं होतं. म्हणजे अजाला जो वज्राघात, तीच तिची सुटका. आणि शोकात बुडालेल्या अजाला वसिष्ठांचा निरोप तर थेट आहे: 'मरणं प्रकृतिः शरीरिणां विकृतिर्जीवितमुच्यते बुधैः'. मरण हीच देहधाऱ्यांची मूळ स्थिती, जगणं हा त्यातला बदल. विद्वान या सर्गाला नुसता करुणरसाचा नमुना म्हणून शिकवतात, तेव्हा मला राग येतो. वीणेवरून सुटलेली ती माळ म्हणजे कालिदासाने डोळ्यांपुढे उभा केलेला निर् + माल्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

शिवमहिम्नस्तोत्राची कथाही इथलीच. शिवाच्या निर्माल्यावर पाय पडला म्हणून पुष्पदंत गंधर्वाची दिव्य शक्ती गेली आणि ती परत मिळावी म्हणून त्याने ते स्तोत्र रचलं. उतरवलेल्या फुलाचा एवढा अधिकार!

राहिली ती ओळ. त्यात चुकलंय ते 'अकाली'. निर्माल्याची वेळ ठरलेली असते, ते अकाली होत नाही. अकाली होतं ते खुडणं. कवीने 'अकाली खुडले' असं करावं आणि निर्माल्याला हात लावू नये.